शेतकऱ्यानें छायाचित्र कसें घ्यावें

शेतकऱ्याच्या घरांतील अवजारें मोजूं लागल्यास नांगर, कुळव, पाभर, कोळपें हीं नांवें क्रमानें येतात. या यादींत आतां कॅमेऱ्याचें नांव घालण्यास हरकत नाहीं, असें आम्हांस वाटतें. कॅमेरा ही हौसेची वस्तु, लग्नमुंजीस बाहेर काढावयाची, हा समज एके काळीं ठीक होता. परंतु ज्या घरीं स्वतंत्र डिजिटल कॅमेरा नाहीं त्या घरींही मोबाइलच्या पाठीवर तो बसलेला असतोच, आणि शेतीच्या कामांत त्याची गरज पदोपदीं पडूं लागली आहे. पिकावर रोग दिसला व कृषि विज्ञान केंद्र दूर असलें, तर तेथील तज्ज्ञास प्रथम फोटोच पाठवावा लागतो. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या पद्धतींत सातबारावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करावयाची असून, त्यासाठीं शेतांत उभें राहून पिकाचा फोटो घ्यावयाचा असतो. गारा पडल्या, ओढ्याचें पाणी शेतांत शिरलें, किंवा रानडुकरांनीं उभा मका लोळविला, म्हणजे पंचनाम्यासाठीं माणूस येईपर्यंत शेताची स्थिति जशीच्या तशी राहत नाहीं. त्या वेळची स्थिति सांगणारा फोटोच काय तो मागें उरतो.

सारांश, छायाचित्र हें आतां शेतकऱ्याची साक्ष झालें आहे. साक्षीदार प्रामाणिक असूनही जर तो अर्धवट व अडखळत बोलला, तर खऱ्या माणसाचाही दावा बुडतो, हें कोर्टकचेरीचा अनुभव घेतलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. छायाचित्रांचेंही तसेंच आहे. रोगट पानाचा फोटो म्हणून जो हिरवट धूसर ठिपका पुष्कळदां पाठविला जातो, त्यावरून धन्वंतरीलाही निदान करतां येणार नाहीं. असे फोटो पाठविणाऱ्याचा कॅमेरा हलका असतो असें मुळींच नाहीं. फोटो घेण्यापूर्वीं, हें चित्र कोणास दाखवावयाचें आणि पाहणारा यांत काय शोधणार, हा विचार करण्याचें राहून जातें, एवढेंच त्याचें कारण. हा विचार कसा करावा व त्यास कॅमेऱ्याची कोणती समजूत लागते, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॅमेऱ्यांत काय घडतें.—पूर्वीं कॅमेऱ्यांत फिल्मची गुंडाळी घालीत. एका गुंडाळींत बारा किंवा छत्तीस चित्रें निघत, व प्रत्येक चित्रास पैसे पडत. म्हणून बटण दाबण्यापूर्वीं मनुष्य चार वेळां विचार करी. सन १९७५ मध्यें अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनीं फिल्मवांचून चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें, आणि अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें काळें-पांढरें एक चित्र फितीवर उतरविण्यास त्यास २३ सेकंद लागत. आज खिशांतील यंत्र एका निमिषांत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके टिपतें, आणि दर चित्रास वेगळा खर्च येत नाहीं. ही मोठी सोय झाली खरी. पण खर्चाबरोबर विचारही सुटला, आणि शंभर फोटो काढून त्यांतील एकही कामाचा नाहीं, अशी स्थिति घरोघर दिसूं लागली.

या यंत्राचें मर्म शेतकऱ्यास चटकन् समजण्यासारखें आहे. भिंगाच्या मागें नखाएवढी किंवा त्याहूनही लहान अशी एक चकती असते. त्या चकतीवर भाजीच्या वाफ्यांप्रमाणें लाखों बारीक वाफे आंखलेले असतात. झडप उघडली म्हणजे प्रत्येक वाफ्यांत उजेडाचा पाऊस पडतो. झडप मिटली म्हणजे कोणत्या वाफ्यांत किती पाऊस पडला याचें माप घेऊन यंत्र तो आंकडा लिहून ठेवतें. या आंकड्यांचेंच पुढें चित्र होतें. वाफ्यांवर रंगीत कांचा बसविलेल्या असतात. त्यांपैकीं निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या व पाव निळ्या. ही रचना कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांची असून तिचें पेटंट १९७६ सालचें आहे. मनुष्याच्या डोळ्यास बारीक तपशील हिरव्या उजेडांत अधिक उमगतो, म्हणून हिरव्या कांचा दुप्पट ठेविल्या आहेत.

या रचनेवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, पाऊस पुरेसा पडला तर माप बरोबर येतें. रिमझिमींत मापाचा भरंवसा राहत नाहीं. संध्याकाळीं गोठ्यांत घेतलेला फोटो रव्यासारखा खरखरीत दिसतो, त्याचें कारण हेंच. दुसरी गोष्ट ही कीं, शेत तेवढेंच ठेवून वाफे वाढवीत गेल्यास प्रत्येक वाफा लहान होतो. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्याची चकती ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते. लहान खिसा-कॅमेऱ्याची सुमारें सहा मिलिमीटर लांब व साडेचार रुंद. क्षेत्रफळ पाहिल्यास हें अंतर तीसपटीचें होतें. म्हणून दुकानदार केवळ मेगापिक्सेलचा आंकडा सांगूं लागल्यास त्यास भुलूं नये. बारा मेगापिक्सेल म्हणजे लांबींत ४००० व रुंदींत ३००० ठिपके. यांतून सुमारें तेरा इंच लांब व दहा इंच रुंद असा स्वच्छ छाप निघतो. शेतकऱ्याच्या रोजच्या कामास याहून अधिक क्वचितच लागतें. आहे तोच कॅमेरा नीट वापरणें हें नवा घेण्यापेक्षां बहुधा स्वस्त व अधिक फलदायी होतें.

उजेडाची वेळ.—चित्र उजेडाचें बनतें, म्हणून पहिला विचार उजेडाचा. भर दुपारीं सूर्य डोक्यावर असतो. त्या वेळीं वरचीं पानें पांढरीं फटक पडतात, खालच्या पानांवर काळोखी सावली येते, आणि दोहोंच्या मधला तपशील बुडतो. आपला डोळा ऊन व सावली एकाच वेळीं पाहूं शकतो. कॅमेऱ्यास तेवढें साधत नाहीं. सूर्योदयानंतरचे व सूर्यास्तापूर्वींचे दीड-दोन तास यासाठीं चांगले. उजेड तिरपा येतो, मऊ असतो, आणि सरीवरंब्यांचा व पिकाच्या उंचसखलपणाचा आकार स्पष्ट उठतो. सकाळीं वाराही बहुधा पडलेला असतो, हा आणखी एक फायदा.

ढगाळ दिवस फोटोस वाईट, ही समजूत चुकीची आहे. पातळ ढग म्हणजे आकाशभर ताणलेला पांढरा पडदा होय. त्याखालीं सावल्या कडक पडत नाहींत, म्हणून पानावरील डाग, फळावरील चट्टे, जनावराच्या अंगावरील खूण यांचे फोटो अशाच दिवशीं उत्तम येतात. दुपारींच फोटो घेणें भाग असेल तर रोगट फांदीवर स्वतःची सावली धरावी, किंवा दोघांनीं पांढरें धोतर ताणून तिच्यावर उन्हाचा आडोसा करावा. मात्र सारी फांदी सावलींत असावी. अर्धी उन्हांत व अर्धी सावलींत राहिल्यास पूर्वींचाच दोष येईल.

सूर्य साधारणतः फोटो घेणाऱ्याच्या खांद्यामागें असावा. एक अपवाद सांगतों. पानाच्या शिरा, किंवा किडीनें पाडलेली बारीक भोंकें दाखवावयाचीं असल्यास पान सूर्याकडे धरून पलीकडून येणाऱ्या उजेडांत फोटो घ्यावा. पान दिव्याच्या कांचेसारखें उजळतें आणि सारें जाळें दिसतें. कॅमेऱ्यांतील लहान फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरांपलीकडे पोहोंचत नाहीं. रात्रीं त्या उजेडांत सबंध शेताचा फोटो घेऊं पाहणें व्यर्थ होय. जवळचीं चार ताटें तेवढीं पांढरीं होतात.

रंगाचा खरेपणा.—रोगाच्या फोटोंत रंग हीच मुख्य साक्ष असते. पिवळा, करपट, तांबूस, जांभळट या छटांवर निदान अवलंबून असतें. परंतु सर्वच उजेड पांढरा नसतो. साध्या तारेच्या विजेच्या दिव्याचा उजेड पिवळा असतो. मोकळ्या सावलींतला उजेड आकाशाकडून येत असल्यामुळें निळसर असतो. डोळा ही तफावत आपोआप सोसून घेतो. कॅमेरा तर्कानें ती काढूं पाहतो, व कित्येकदां त्याचा तर्क चुकतो. निळ्या ताडपत्रीखालीं घेतलेल्या फोटोंत निरोगी पानही रोगट दिसतें, व पिवळ्या दिव्याखालीं पिवळें पडलेलें पान ओळखतांच येत नाहीं. यास सोपा उपाय असा: पान शेतांतच, दिवसाच्या मोकळ्या उजेडांत पाहावें, आणि चौकटीच्या एका कडेस साधा पांढरा कागद ठेवावा. तो कागद फोटोंत पांढरा दिसला तर रंग खरे. निळा वा पिवळा दिसला तर पाहणाऱ्यास तेवढी वजावट करतां येते. ज्या कॅमेऱ्यावर ऊन, ढग, सावली, दिवा अशीं चिन्हें असतात, त्यावर त्या त्या वेळचें चिन्ह लावावें.

पांढरा कापूस आणि काळी जमीन.—कॅमेरा समोरच्या देखाव्याची सरासरी मध्यम करड्या छटेची असावी असें गृहीत धरून उजेड घेतो. बहुतेक ठिकाणीं हें गृहीत जमतें. शेतांत दोन ठिकाणीं हमखास फसतें. फुटलेल्या कपाशीनें चौकट भरली कीं यंत्रास वाटतें उजेड फार झाला, आणि तें शुभ्र कापूस मळकट करतें. उलट, नांगरलेली काळी जमीन समोर आली कीं यंत्र तिला उजळ करून राखेसारखी दाखवितें. बहुतेक कॅमेऱ्यांत व मोबाइलांत अधिक-उणे अशी खूण असते. कपाशीस ती अधिकाच्या बाजूस व काळ्या जमिनीस उण्याच्या बाजूस एक पायरी सरकवावी. मोबाइलमध्यें पडद्यावर हव्या त्या जागीं बोट टेकल्यास यंत्र त्या जागेपुरता फोकस व उजेड पाहतें. मग बोट वर-खालीं सरकवून उजेड कमी-जास्त करतां येतो. हें एवढें जरी साधलें तरी फोटोंत मोठा फरक पडतो.

स्थैर्य आणि फोकस.—अस्पष्ट फोटोंचीं कारणें तीन: हात हलला, वस्तु हलली, किंवा फोकस दुसरीकडे बसला. झडप उघडी असण्याचा काळ साधारण एक-साठांश सेकंदापेक्षां अधिक झाला कीं हाताचा कंप चित्रांत उतरूं लागतो. म्हणून दोन्ही कोंपर बरगड्यांस टेकवावे, बांधाच्या दगडावर किंवा गाडीच्या साटीवर हात टेकवावा, श्वास क्षणभर रोखावा आणि बटण हळूच दाबावें. वाऱ्यानें डुलणारें पान पकडावयास एक-अडीचशांश सेकंद किंवा त्याहून जलद झडप लागते, व त्यासाठीं उजेडही भरपूर लागतो. वाऱ्याची झुळूक ओसरेपर्यंत थांबावें, किंवा देंठ दुसऱ्या माणसानें धरावा.

बटण दोन टप्प्यांचें असेल तर प्रथम अर्धें दाबावें, फोकस बसल्याची खूण पाहावी, आणि मग पुरें दाबावें. फार जवळ गेल्यास फोकस बसतच नाहीं. कॅमेऱ्यावर लहान फुलाचें चिन्ह असतें तें जवळच्या वस्तूंसाठीं होय. तें लावल्यावांचून कीड अथवा अंडीं यांचे फोटो घेण्याचा प्रयत्न करूं नये. मोबाइल पानापासून वीतभर दूर धरावा, आणि पुढें हवा तेवढा भाग कापून घ्यावा. दूरची वस्तु बोटांनीं पडद्यावर ताणून मोठी करण्यानें नवा तपशील मिळत नाहीं. आहे तोच ताणला जातो. चार पावलें पुढें जावें हें उत्तम.

आणखी एक क्षुल्लक पण नित्याची गोष्ट. भिंगावर बोटाचा ठसा, धूळ, गंधकाची भुकटी किंवा फवाऱ्याचा थेंब बसला कीं सारें चित्र धुक्यांत गेल्यासारखें होतें. फोटोपूर्वीं जुन्या मऊ मलमलीनें भिंग हलकेच पुसावें. औषध फवारलेल्या हातानें कॅमेऱ्यास शिवूं नये. कोंकणपट्टींत पावसाळ्याच्या दमट हवेनें भिंगांत बुरशी धरते. म्हणून कॅमेरा कातडी पिशवींत कोंडून न ठेवतां, झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा.

रोगाचे फोटो: तीनांचा नियम.—आतां मुख्य विषयाकडे वळतों. रोग किंवा कीड दाखवावयाची असल्यास एकच फोटो कधींही पाठवूं नये. किमान तीन असावे: पहिला शेताचा, दुसरा सबंध झाडाचा, तिसरा रोगट भागाचा. असें कां, तें एका उदाहरणावरून पटेल. पिवळें पडलेलें एकटें पान पाहून कारण सांगणें अवघड असतें. नत्र कमी पडलें तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. लोह कमी पडलें तर तो शेंड्याकडील कोंवळ्या पानांवर प्रथम येतो व शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनींतील उंसांत हा दुसरा प्रकार पुष्कळ दिसतो. तोडलेल्या पानाच्या फोटोंत तें वरचें कीं खालचें हें कळत नाहीं. सबंध झाडाच्या फोटोंत तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. तसेंच शेताच्या फोटोवरून रोग सर्वत्र आहे कीं पट्ट्यापट्ट्यांनीं, सखल भागांत आहे कीं बांधाकडेला, हें दिसतें. आणि पाण्याचा, जमिनीचा किंवा शेजारच्या पिकाचा दोष असल्यास त्याचा माग लागतो.

तिसऱ्या फोटोंत पानाच्या दोन्ही बाजू द्याव्या. द्राक्षावरील केवड्यांत पानाच्या वरच्या अंगास तेलकट पिवळे डाग दिसतात व त्यांच्याच खालीं मागच्या अंगास पांढरी बुरशी येते. एकच बाजू दाखविली तर अर्धी हकीकत झांकली जाते आणि भुरीशीं गल्लत होण्याचा संभव राहतो. किडीच्या बाबतींतही ओळखीचें चिन्ह कोठें असतें तें समजून घेऊन तेथेंच फोकस बसवावा. अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं भारतांत प्रथम आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या मक्यावर आली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढल्यासारखी फिकट खूण असते, आणि शेपटीकडून दुसऱ्या वळ्यावर चौकोनांत चार काळे ठिपके असतात. या दोन खुणा ज्या फोटोंत स्पष्ट आहेत, त्यावरून तज्ज्ञास निःशंकपणें उत्तर देतां येतें. अळीनें कुरतडलेल्या पोंग्याचे दहा फोटो त्यापुढें फिके पडतात. चुकीच्या निदानावर चुकीच्या औषधाची फवारणी झाली, तर औषधाचे पैसे जातात, मजुरी जाते, आणि सर्वांत मोलाचे चार दिवस जातात. हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोन मिनिटांच्या या काळजीची किंमत कळेल.

माप आणि खूण.—फोटोंत सुपारी नारळाएवढी व नारळ सुपारीएवढा दिसूं शकतो. म्हणून प्रत्येक जवळच्या फोटोंत मापाची वस्तु असावी. फूटपट्टी उत्तम, ती नसल्यास नाणें किंवा आगपेटी चालेल. शेताच्या फोटोंत मनुष्य उभा करावा, किंवा खुरपें रोवावें. पाणी साचलें असल्यास वीत वीत अंतरावर खुणा केलेली काठी पाण्यांत उभी करावी. ‘गुडघाभर पाणी होतें’ या तोंडच्या शब्दापेक्षां ती काठी अधिक बोलते. जागेची ओळख पटावी म्हणून विहीर, लिंबाचें झाड, विजेचा खांब, बांधाची कोंपऱ्यांतील निशाणी यांपैकीं जें कायमचें असेल तें चौकटींत घ्यावें.

नुकसानीची साक्ष.—गारपीट, पूर, वादळ यांनंतर मन थाऱ्यावर नसतें, तरी पहिल्या तासाभरांत घेतलेले फोटो पुढें दहा दिवसांनीं घेतलेल्या शंभर फोटोंहून मोलाचे असतात. गारा वितळण्यापूर्वीं फूटपट्टीसह त्यांचा फोटो घ्यावा. मग शेताच्या चारी कोंपऱ्यांतून मध्याकडे पाहणारे चार फोटो, नंतर मोडलेल्या पिकाचे जवळचे चार-पांच, आणि शक्य तर शेजारच्या शाबूत भागाचाही एक. शाबूत भाग दाखविल्यानें दावा दुर्बळ होतो, असें समजूं नये. तुलना दिसली म्हणजे पाहणाऱ्याचा विश्वास उलट वाढतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपांत सुरू झाली. स्थानिक आपत्तीची सूचना देण्यास तींत आरंभीं ४८ तासांची मुदत होती. २०१८ मध्यें ती ७२ तासांची करण्यांत आली. कोणत्या नुकसानीस भरपाई मिळावी, याचे नियम मात्र राज्याराज्यांत व हंगामाहंगामांत पालटतात; महाराष्ट्रांत २०२५ च्या खरिपांतही ते पालटले. तेव्हां हंगामाच्या आरंभींच तालुक्याच्या कृषि कार्यालयांत चालू नियम विचारून ठेवावे. आपत्ति आल्यावर नियम शोधीत बसल्यास मुदत निघून जाते.

डिजिटल फोटोच्या पोटांत तो केव्हां घेतला याची नोंद असते, व मोबाइलमध्यें स्थानाची नोंद चालू ठेविल्यास कोठें घेतला याचीही असते. स्वतंत्र कॅमेऱ्याचें घड्याळ मात्र आपण लावूं तसें चालतें. बॅटरी फार दिवस उतरलेली राहिल्यास तें भलत्याच तारखेवर जातें. म्हणून महिन्यांतून एकदां तारीख व वेळ तपासावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो नेहमींच्या रीतीनें धाडल्यास तो आखडून लहान केला जातो आणि त्याच्या पोटांतील नोंदी गळून पडतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडल्यास मूळ स्वरूपांत पोंचतो. कांहींही झालें तरी मूळ फोटो खोडूं नये, त्याचे रंग भडक करूं नयेत, आणि गेल्या वर्षींचा फोटो यंदाचा म्हणून कदापि देऊं नये. एकानें असें केलें म्हणजे साऱ्या गांवच्या खऱ्या फोटोंकडेही संशयानें पाहिलें जातें.

माणसें व जनावरें.—कॅमेरा केवळ नुकसानीचाच हिशेब ठेवण्यास आहे असें नाहीं. घरांतील वडील माणसें, पोळ्याचे सजविलेले बैल, पहिल्या तोडणीच्या दिवशींचा मळा, हींही पुढच्या पिढीसाठीं राखावयाचीं असतात. दुपारच्या उन्हांत पागोट्याची सावली नेमकी डोळ्यांवर पडते व चेहरा ओळखूं येत नाहीं. म्हाताऱ्या माणसास ओसरीच्या कडेस, अंगणाकडे तोंड करून बसवावें; पाठीमागें साधी भिंत असावी. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असल्यास त्या बाजूस पांढरें धोतर धरावें, म्हणजे त्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडेल. फोकस डोळ्यांवर बसवावा. ‘हलूं नका’ असें म्हणून ताठ बसविण्यापेक्षां माणूस सुपारी कातरीत असतां, दोरी वळीत असतां, भाकरी थापीत असतां घेतलेलें चित्र अधिक खरें उतरतें. लहान मुलें व वासरें यांचे फोटो उभ्यानें घेऊं नयेत. गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावें. बैलाचा फोटो विक्रीसाठीं किंवा ओळखीसाठीं घ्यावयाचा असल्यास तो सपाट जागीं बरोबर बाजूनें, चारी पाय दिसतील असा घ्यावा. समोरून जवळ जाऊन घेतलेल्या फोटोंत डोकें थोरलें व धड आखूड दिसतें.

जतन.—फोटो घेतला म्हणजे काम संपलें असें नाहीं. सांपडेल तोच फोटो कामाचा. दर आठवड्यास निरुपयोगी फोटो खोडून टाकावे, व उरलेले वर्ष, हंगाम, गट क्रमांक आणि पीक अशा नांवाच्या कप्प्यांत ठेवावे. कार्ड बिघडतें, मोबाइल पाण्यांत पडतो किंवा हरवतो. म्हणून प्रति दोन असाव्या आणि त्या दोन निरनिराळ्या जागीं असाव्या. ज्यांस शक्य असेल त्यांनीं बांधावर एक दगड ठरवून, त्याच दगडावर उभें राहून, त्याच दिशेनें दर पंधरा दिवसांनीं एक फोटो घेत जावा. पेरणीपासून काढणीपर्यंत आठ-दहा फोटो होतील. तीन वर्षांचे असे फोटो शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे कोणत्या वर्षीं उगवण उशिरां झाली, कोणत्या कोंपऱ्यांत पाणी नेहमीं तुंबतें, कोणत्या वाणानें जमीन लवकर झांकली, याची जी माहिती मिळते ती केवळ आठवणींतून मिळत नाहीं.

वर सांगितलेलें सर्व एकदम अंगीं येणार नाहीं. वाचकांनीं या महिन्यांत एवढाच प्रयोग करून पाहावा: शेतांतील एकच झाड निवडावें, आणि त्याचे चार फोटो घ्यावे—एक सकाळीं, एक भर दुपारीं, एक ढगाळ वेळीं, आणि एक सूर्य समोर ठेवून. ते चार घरीं सावकाश पाहून, कोणत्यांत काय दिसलें व काय बुडालें, हें एका कागदावर टिपावें. दुसऱ्या आठवड्यांत त्याच झाडाचे तीनांच्या नियमाप्रमाणें तीन फोटो घेऊन, तें झाड न पाहिलेल्या एकाद्या शेजाऱ्यास दाखवावे, व झाडाविषयीं त्यास काय काय कळलें तें विचारावें. तो जें सांगूं शकणार नाहीं, तेवढें आपल्या फोटोंत उणें राहिलें असें समजून पुन्हां फोटो घ्यावे. हा प्रयोग ज्या सभासदांनीं केला असेल त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. तसेंच पिकाच्या रोगासंबंधीं प्रश्न पाठवितांना यापुढें शेताचा, झाडाचा व पानाच्या दोन्ही बाजूंचा असे फोटो, पीक, वाण व पेरणीची तारीख लिहून पाठवावे, म्हणजे उत्तर देणें सुलभ होईल.